सात होड्या

"साहेब म्हणाल्या! मॅडम साहेब म्हणाल्या!"

टेबलाच्या त्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल हसला. मी फक्त एवढंच म्हणाले होते, "हालकुडेसाहेब, हे जमणार नाही."

बोटमेन क्लबच्या सभेत कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. डॉक्टर असो की कारखानदार, सगळे फक्त 'बोटमन'. चुकून साहेब म्हणणाऱ्यानं उठून अध्यक्षांसमोरची पितळी घंटा वाजवायची आणि 'माफ करा, बोटमन' म्हणायचं. मी पाहुणी होते, पण मलाही सोडलं नाही. मी उठले, घंटा वाजवली, माफी मागितली. खाली बसेपर्यंत माझं 'जमणार नाही' हॉलमध्ये कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

आमच्या गावाजवळून मांजरा वाहते. म्हणजे पावसाळ्यात काही आठवडे वाहते. एरवी तिच्या पात्रात टरबुजं लावतात. अशा गावात पन्नासेक पुरुष कोटाला सोनेरी वल्ह्याचा बिल्ला लावून एकमेकांना बोटमन म्हणत, याचं कुणाला काही वाटत नसे. संस्था आंतरराष्ट्रीय होती. परदेशात कुठल्याशा नदीकाठी ती सुरू झाली, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या शाखेनं शाळांना बाकं दिली होती, मोतीबिंदूची शिबिरं घेतली होती, आणि मी ज्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होते तिथला मोठा फ्रिजही त्यांनीच दिला होता. त्यावर तशी पाटी होती. फ्रिजचं दार उघडताना ती रोज माझ्या डोळ्यांसमोर येई.

"बोला मॅडम, काय जमणार नाही?" अध्यक्ष बसवराज हालकुडे म्हणाले. त्यांचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं. माणूस मोकळा, स्वतः वर्षानुवर्षं रक्त देत आलेला. "लोकांची काळजी करू नका. लोक मी आणतो. कॉलेज आणतो, पोलीस आणतो, मोंढ्यातले हमाल आणतो. स्थापना दिनाला एक हजार बाटल्या. प्रांतात आजवर कुणी केलं नाही."

"लोक येतील. रक्त ठेवायचं कुठं?"

"फ्रिज दिलाय की आम्ही."

"त्यात तीनशे पिशव्या मावतात."

"आणि आपलं लक्ष्य हजाराचं आहे," सचिव भालचंद्र उटगे म्हणाले. चूक फ्रिजची असल्यासारखं.

मी शक्य तितक्या हळू आणि स्पष्ट बोलले. "रक्त पाच आठवडे टिकतं. मग ते टाकून द्यावं लागतं. आणि एकदा दिलेल्या माणसाला पुढचे तीन महिने देता येत नाही. सगळ्या गावाचं एकाच दिवशी घेतलं, तर—"

"तर रेकॉर्ड होईल!" हालकुडे म्हणाले. पुन्हा हशा. टाळ्याही.

जास्तीचं रक्त शेजारच्या जिल्ह्यांतल्या पेढ्या घेऊन जातील, तसं बोलणं झालंय, असं उटग्यांनी सांगितलं. परतताना जीपमध्ये आमचे वैद्यकीय अधिकारी डॉक्टर हंचाटे मला म्हणाले, "बिडवेबाई, तुमचं शास्त्र बरोबर आहे हो. पण फ्रिज त्यांचा, आपल्या पेढीच्या ट्रस्टचे अध्यक्षही त्यांचेच सभासद. आपण नाही म्हणणारे कोण?"

"ज्यांना ते रक्त रोग्याला चढवावं लागतं, ते," मी म्हणाले.



एप्रिलमध्ये शिबिर झालं. बाजार समितीच्या शेडमध्ये मांडव, बँड, दारात कमान. रक्त देणाऱ्याला जेवणाचा स्टीलचा डबा होता. पुढच्या टेबलावर क्लबचा महिला विभाग होता. सभासदांच्या बायका, सगळ्या मोरपंखी साड्यांत. त्या येणाऱ्याला कुंकवाचा टिळा लावत, जाणाऱ्याला कॉफी आणि बिस्किटं देत. त्यांच्या प्रमुख हालकुड्यांच्या पत्नी, सुमंगलाताई. त्या सारख्या कॉफीच्या थर्मासपासून खुर्चीपर्यंत ये-जा करत होत्या. दोन कप भरले की बसत, पुन्हा उठत.

दुपारी फ्रिज भरला. बाहेरच्या गाड्या आल्या नव्हत्या. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या पेढीत फोन लावला.

"आम्ही कशी गाडी पाठवणार, मॅडम?" तिथला माणूस म्हणाला. "आमच्याकडेच ठेवायला जागा नाही. आज शिबिर आहे ना."

"आज? कुणाचं?"

"बोटमेन क्लबचं. स्थापना दिन आहे ना त्यांचा."

मी दुसरीकडे लावला, तिसरीकडे लावला. सगळीकडे तेच. क्लबच्या प्रांतातल्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांतल्या, प्रत्येक गावात, प्रत्येक शाखेनं, त्याच दिवशी मांडव घातला होता. स्थापना दिन सगळ्यांचा एकच. तारीख वाटून घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि प्रत्येकानं आपलं जास्तीचं रक्त शेजारी नेईल असं गृहीत धरलं होतं.

मी धावत मांडवात गेले. "आता थांबवा. ठेवायला जागा नाही."

"थांबवा? बाहेर रांग बघा की," हालकुडे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. "एवढ्या उन्हात लोक आलेत. परत पाठवलं तर त्यांना काय वाटेल?"

उटगे म्हणाले, "आपल्या बोटमन गिल्ड्यांचं आइस्क्रीमचं गोडाऊन आहे. तिथं ठेवू."

"तिथं रक्त गोठेल."

"चांगलंच की. टिकेल."

"उटगेसाहेब, रक्त गोठलं की पेशी फुटतात. मग ते रक्त राहत नाही. लाल पाणी होतं."

ते क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "पण मोजून तर झालेलं असेल ना?"

ते थट्टा करत नव्हते.

संध्याकाळी हजाराचा टप्पा ओलांडला. फटाके वाजले. फ्रिजमध्ये न मावलेल्या पिशव्या बर्फाच्या पेट्यांत ठेवल्या, बर्फ वितळला, मी पुन्हा भरला, पुन्हा वितळला. दोन दिवसांत त्या आम्ही नियमाप्रमाणे वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक केल्या आणि नष्ट केल्या. आमचा मदतनीस तुकाराम पिशव्या आत ठेवताना प्रत्येक पिशवीवरचा गट मोठ्यानं वाचत होता. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. फ्रिजमधल्या काही वापरल्या गेल्या. मे महिन्याच्या मध्याला उरलेल्यांची मुदत एकाच आठवड्यात संपली. आमच्याकडे, शेजारच्या जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारच्याही.

मग मागणी आली की आम्ही नेहमीच्या दात्यांना फोन करू लागलो. "मॅडम, एप्रिलमध्ये दिलं की," असं प्रत्येकजण सांगे. कॉलेजला सुट्टी होती. बाळंतिणींचे, अपघातातले नातेवाईक दारात उभे राहत. कुणाला कुठून, कुणाला कुठून, कसंतरी मिळवत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेही थांबलं.

त्या रविवारी सकाळी छाया टेंकाळे अपूर्वाला घेऊन आली. अपूर्वा नऊ वर्षांची. तिला थॅलेसेमिया होता. तिचं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवूच शकत नव्हतं. दर तीन-चार आठवड्यांनी तिला बाहेरचं रक्त लागे. गट बी पॉझिटिव्ह, आपल्याकडे सहज मिळणारा. आतापर्यंत तिला कधी रिकाम्या हातानं पाठवायची वेळ आली नव्हती. या वेळी तिची पाळी दहा-बारा दिवस टळली होती. मुलगी आईच्या खांद्यावर पडून होती, ओठ कागदासारखे. मी हिमोग्लोबिन तपासलं. चारच्याही खाली.

डॉक्टर हंचाट्यांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. "हृदयावर ताण आलाय," ते हळू आवाजात मला म्हणाले. "आज संध्याकाळच्या आत एक पिशवी चढलीच पाहिजे."

"नाही आपल्याकडे," मी म्हणाले. त्यांना ते माहीत होतंच.

"मॅडम," छाया म्हणाली, "त्या दिवशी तर गाडीभर रक्त होतं म्हणं. पेपरात फोटो आलता."

मी दात्यांची वही पुन्हा चाळू लागले.

"आमच्या गल्लीतल्या समद्यांनी दिलं. डबा मिळत होता म्हणून माझ्या दिरानंबी दिलं. हिच्या पप्पानं मागच्या खेपेला दिलंय. माझं तर तुम्ही घेत नाहीत, पातळ हाय म्हणता. आता मी कुणाच्या दारात जाऊ?"

रस्त्याच्या पलीकडच्या सभागृहात बोटमेन क्लबचा वर्षाअखेरचा समारंभ होता; त्यांचं वर्ष जूनला संपे. क्लबच्या प्रांताचे प्रमुख, प्रांतपाल आराध्ये, आले होते. विक्रमी शिबिराचं पहिलं बक्षीस आमच्या शाखेला होतं, आणि रक्तपेढीच्या वतीनं शाल-श्रीफळ घ्यायला मला बोलावलं होतं. मी जाणार नव्हते. पण त्या सकाळी मी गेले. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. गावातली इतकी माणसं दुसरीकडे कुठं एकत्र भेटणार नव्हती, एवढंच डोक्यात होतं.

मी पोचले तेव्हा प्रांतपाल बोलत होते. त्यांचा आवाज गोड होता आणि गोष्ट सांगायची हौसही. ते क्लबचा इतिहास सांगत होते. फार वर्षांपूर्वी, दूरच्या देशातल्या एका नदीकाठच्या गावात पूर आला आणि पूल वाहून गेला. इस्पितळ पलीकडच्या तीरावर. गावात सात दुकानदारांकडे होड्या होत्या. एक खाटीक, एक सुतार, एक छापखानेवाला, असे. त्यांनी आठवड्याचे वार वाटून घेतले. ज्याचा वार, त्यानं त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं आणि होडी घेऊन काठावर बसायचं. पलीकडे नेण्याजोगा रोगी येवो न येवो.

"कित्येक दिवस कुणी येतच नसे," प्रांतपाल म्हणाले. "तरी ते थंडीत बसून राहत. नवा पूल होईपर्यंत, दोन वर्षं! बोटमनहो, त्या सात होड्यांतून आज आपली ही विश्वव्यापी चळवळ उभी राहिली आहे!"

टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतके दिवस मला वाटत होतं, या लोकांना साधं गणित कळत नाही. तसं नव्हतं. ते गणित त्यांच्याजवळ पहिल्या दिवसापासून होतं. प्रत्येक समारंभात हे लोक आपणच ते सांगत होते, आपणच टाळ्या वाजवत होते.

माझं नाव पुकारलं. हालकुड्यांनी शाल घातली. मी नारळ टेबलावर ठेवला आणि माइकपाशी गेले. भाषण करायचं ठरलेलं नव्हतं. सूत्रसंचालक गोंधळून बाजूला झाला.

"प्रांतपालांनी सांगितलेली गोष्ट मी आज पहिल्यांदा ऐकली," मी म्हणाले. "मला एकच विचारायचंय. त्या सात जणांनी सातही होड्या एकाच दिवशी, बँड लावून पाण्यात घातल्या असत्या, रिकाम्याच पलीकडे नेऊन परत आणल्या असत्या, आणि मग तीन महिने घरी बसले असते, तर दुसऱ्या दिवशी अडलेल्या बाळंतिणीला कुणी नेलं असतं?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"एप्रिलमध्ये तुम्ही हजारावर लोकांचं रक्त घेतलंत. त्यातलं सातशेहून जास्त मी माझ्या हातानं नष्ट केलं. समोर रक्तपेढीत नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला आज संध्याकाळपर्यंत एक पिशवी हवी आहे. फक्त एक. ती गावात नाही, जिल्ह्यात नाही. शेजारच्या जिल्ह्यातही नाही, कारण तिथंही तुमचाच स्थापना दिन होता."

"मॅडम, हे व्यासपीठ..." उटगे पुढे आले.

"ज्यांनी त्या दिवशी रक्त दिलं, त्यांनी हात वर करा," मी म्हणाले.

सवयीनं हात वर झाले. पुढच्या सगळ्या रांगांतून, कोटाच्या बाह्यांतून. काही अभिमानानंच वर झाले असावेत. मला त्या हातांचा राग आला. आणि तेव्हा माझी नजर मागे गेली. मागच्या रांगा मोरपंखी होत्या. तिथं एकही हात वर नव्हता.

आमच्याकडे ज्या दात्यांचे फोन नंबर होते, ते सगळे पुरुषांचे होते. शिबिरात त्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या. हजार माणसांना टिळा लावला त्यांनी, आणि त्यांना कुणी 'तुम्ही देणार का?' असं विचारलं नव्हतं.

"मागे बसलेल्या ताई," मी म्हणाले, "तुमच्यापैकी कुणी येता का?"

मग सुमंगला हालकुडे उठल्या. पर्स खांद्याला लावली.

"अगं, तू कुठं निघालीस?" हालकुडे व्यासपीठावरून म्हणाले. माइक चालू होता. "मॅडम, तिचं काय घेता? तिला स्वतःलाच चक्कर येते."

सुमंगलाताई खुर्च्यांच्या मधल्या वाटेत थांबल्या. "मला चक्कर येते, हे तुम्हाला माहीत होतं?"

हालकुड्यांनी माइकवर हात ठेवला.

"मला वाटलं, तुम्हाला माहीतच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून कधी बोलले नाही." आणि त्या दाराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून एक उठली, मग दोघी, मग रांगच्या रांग. भर उन्हात रस्ता ओलांडून त्या आल्या. एक ट्रकवाला हॉर्न वाजवायचा थांबला.

आमच्याकडे रक्त घेण्यापूर्वी एक साधी तपासणी असे. निळ्या मोरचुदाच्या द्रावणात बोटातल्या रक्ताचा थेंब सोडायचा. रक्त सकस असेल तर थेंब बुडतो. पातळ असेल तर तरंगतो. सुमंगलाताईंनी पहिलं बोट पुढं केलं. थेंब निळ्या पाण्यावर तरंगत राहिला.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुम्हालाच रक्त कमी आहे, ताई. नाही घेता येणार."

दुसरीचा तरंगला. तिसरीचाही. हालकुडे मागोमाग आले होते, उटगेही. दोघं दारात उभे होते. बागायतदाराची बायको, वकिलाची, कापडवाल्याची. काजू-बदामाच्या डब्यांच्या घरातल्या बायका. एकामागून एक बोटं पुढं येत होती आणि थेंब वर तरंगत होते. मी मुद्दाम काचेचं भांडं खिडकीत, उजेडात ठेवलं होतं, दारातून दिसेल असं.

"हे पाणी खराब असंल, मॅडम," हालकुडे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुमचं बोट द्या."

त्यांनी दिलं. त्यांचा थेंब सरळ तळाला गेला. एप्रिलमध्ये पिशवीभर रक्त देऊनसुद्धा.

छाया टेंकाळे भिंतीला टेकून उभी होती, प्रत्येक थेंबाबरोबर तिची मान वर होई आणि खाली जाई.

नववं की दहावं बोट मीनाक्षी उटग्यांचं होतं, सचिवांच्या बायकोचं. बारीक चणीची, गप्प बाई. थेंब पडला, क्षणभर रेंगाळला आणि बुडाला. मी दुसरा घेतला. तोही बुडाला. स्लाइडवर गट तपासला, दोनदा तपासला. बी पॉझिटिव्ह.

"छायाताई, बसा आता," मी म्हणाले. छाया बसली नाही. ती तोंडाला पदर लावून बाहेर मुलीकडे पळाली.

मीनाक्षीताई खाटेवर झोपल्या. सुई गेली तेव्हा त्यांनी छताकडे बघितलं. त्यांच्यानंतर आणखी तिघींचे थेंब बुडाले. पिशवी भरत आली, तेव्हा उटगे माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? या चार बाटल्या आपल्याला एप्रिलच्या आकड्यात धरता येतील का? बक्षीस अजून हातात दिलेलं नाही, तोवर..."

मी आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नाही. त्या क्षणी माझ्या हातात काचेची नळी होती, ती मी सावकाश स्टँडमध्ये ठेवली.

पण उत्तर खाटेवरून आलं. "अहो," मीनाक्षीताई म्हणाल्या, डोळे न उघडता. "ही माझी आहे. तुमची नाही."

आवश्यक त्या तपासण्या करून दुपारी उशिरा अपूर्वाला रक्त चढवलं. दिवेलागणीपर्यंत तिच्या नखांना रंग आला. तिनं आईकडे वडापाव मागितला, आणि डॉक्टर हंचाटे स्वतः जाऊन घेऊन आले.

मला ट्रस्टकडून खुलासा मागवण्यात आला. मी दिला. बक्षीस आमच्या शाखेलाच मिळालं. त्याची ढाल अजूनही त्यांच्या हॉलमध्ये आहे. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मांडव पडला. मी फ्रिज भरला की दार लावायचं ठरवलं होतं, आणि तसं लावलं. त्यावरून बरंच काही झालं, ते वेगळं.

त्याच्या आधीची, दिवाळीनंतरची एक सकाळ मात्र मला जशीच्या तशी आठवते. सुमंगलाताई एकट्याच आल्या होत्या, साध्या सुती साडीत. मी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी महिनोन्‌महिने न चुकता घेतल्या होत्या. त्यांनी बोट पुढं केलं. थेंब बुडाला. त्या कितीतरी वेळ भांड्याच्या तळाकडे बघत राहिल्या.

तुकारामनं खाटेवर स्वच्छ चादर घातली. त्याला काही कळेना. बॅनर नाही, फोटोवाला नाही.

"ताई, आज कसला दिवस हाय?" त्यानं विचारलं.

सुमंगलाताईंनी बाही वर सारली आणि झोपल्या.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "मंगळवार."